प्लेटिंग शॉपपासून पावसाळी गटारापर्यंत: कारखान्याचं पर्यावरण आणि जोखीम नियोजन, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली. कुठल्याही एमआयडीसीत शिरलात की शंभर-दोनशे माणसांचा एखादा इंजिनिअरिंग कारखाना दिसतोच. पुढे प्रेस शॉप आणि मशिन शॉप, मागे झिंक किंवा क्रोम प्लेटिंगची, म्हणजे धातूवर मुलामा चढवायची लाइन, तिच्या शेजारी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, कंपाउंडला लागून डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर. खालचे प्रश्न अशाच कारखान्यांतल्या मालकांचे, शिफ्ट सुपरवायझरांचे आणि ‘आजपासून एन्व्हायर्नमेंटचं तू बघ’ असं सांगून टेबलावर फायली टाकल्या गेलेल्या मुलामुलींचे आहेत. मोठ्या केमिकल कंपन्यांत यासाठी अख्खं खातं असतं. इथे बहुतेक वेळा एकच माणूस असतो, आणि तोच कँटीनचंही बघतो.

आमच्याकडे कन्सेंट आहे, ईटीपी आहे, रिपोर्ट पास होतात. मग आणखी नियोजन कशाला?

कन्सेंटमधले, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातले, आकडे सुरळीत चाललेल्या दिवसाचे असतात. पीएच ५.५ ते ९, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप) लिटरला २५० मिलिग्रॅम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ०.१, सायनाइड ०.२. लाइन चालू, पंप चालू, ऑपरेटर हजर असं धरूनच हे सगळं चालतं. रात्री अडीचला वीज गेली, रसायन सोडणारा डोसिंग पंप थांबला, कलेक्शन टाकी काठोकाठ आली आणि बाहेर धो धो पाऊस पडतोय, तेव्हा काय करायचं ते कन्सेंटच्या कागदावर सापडत नाही.

दुसरं असं की बऱ्याच ठिकाणी पर्यावरणाची फाइल एकाकडे आणि सेफ्टीची दुसऱ्याकडे असते. ॲसिडचा कार्बॉय (मोठा कॅन) फुटला तर तो अपघातही असतो आणि प्रदूषणही. फरशीवरून वाहत तो गटारात गेला की दोन्ही फायली एकमेकींकडे बोट दाखवतात.

सुरुवात कुठून करायची?

गटारांपासून. ऑफिसात बसून नाही. टॉर्च आणि पहार घेऊन.

कारखान्याचा ले-आउट छापून घ्या आणि प्रत्येक चेंबरचं झाकण उघडून बघा. कुठलं गटार ईटीपीकडे जातं, कुठलं सेप्टिक टँककडे, कुठलं पावसाचं, आणि ते कंपाउंडच्या बाहेर नेमकं कुठे पडतं? ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका. शेड वाढवताना, नवीन मशिनचं फाउंडेशन घेताना गवंड्याने सोयीचं गटार दिसलं त्यात पाइप सोडलेला असतो, आणि ड्रॉइंग पंधरा वर्षांपूर्वीचंच राहतं. सोपी रीत म्हणजे बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवायचा, एका चेंबरमध्ये ओतायचा आणि पुढच्या चेंबरवर माणूस उभा करायचा. रविवारी दोघा-तिघांनी मिळून केलं तर दिवसभरात होतं.

एका कारखान्यात असंच करताना कॉम्प्रेसर रूमचा कंडेन्सेट पाइप, म्हणजे तेलकट पाणी, थेट पावसाळी गटारात जाताना सापडला. दरवर्षी पहिल्या पावसात गेटबाहेरच्या नाल्यावर इंद्रधनुष्य दिसायचं आणि दरवर्षी शेजारच्या गॅरेजवर नाव जायचं.

मग नकाशावर रंग भरा: सांडपाणी लाल, पावसाचं निळं, संडास-बाथरूमचं तपकिरी. पावसाचं पाणी जिथून कंपाउंड सोडतं तिथे बंद करता येणारं स्लूस गेट किंवा वाल्व आहे का, हे लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी तो नसतो. तो बसवणं हे तुमच्या जोखीम नियोजनातलं पहिलं आणि बहुधा सगळ्यात स्वस्त काम आहे. हा नकाशा खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात परत लागेल.

कन्सल्टंटने १४० ओळींचं आस्पेक्ट-इम्पॅक्ट रजिस्टर करून दिलंय. त्याचं काय करायचं?

वाचा. कुठल्या कामाचा पर्यावरणावर काय परिणाम होतो याची ती यादी. त्यात ‘ऑफिसमधल्या कागदाचा वापर’ आणि ‘सायनाइड सॉल्टचा साठा’ एकाखाली एक, सारख्याच गांभीर्याने मांडलेले असतील. आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकात प्रत्येक बाब तीन परिस्थितींत तपासायची असते: नेहमीचं काम, नेहमीपेक्षा वेगळं काम (लाइन सुरू करणं, बंद करणं, टाकी धुणं) आणि आणीबाणी. तयार रजिस्टरमध्ये पहिला रकाना भरगच्च असतो आणि उरलेल्या दोनांत वरचंच कॉपी-पेस्ट. खरी माहिती त्या दोन रकान्यांत आहे आणि ती कन्सल्टंटकडे नाही. वीस वर्षं प्लेटिंग लाइनवर उभ्या असलेल्या माणसाकडे आहे. त्याला चहा पाजा आणि विचारा, ‘आजवर इथे काय काय सांडलंय?’

१४० पैकी दहा-बारा ओळी निघतील ज्यांच्यामुळे माणूस मरू शकतो किंवा नाला मरू शकतो. त्या वेगळ्या काढून भिंतीवर लावा. बाकीच्या ऑडिटरसाठी राहू द्या.

जोखमीला मार्क देताना शक्यता गुणिले तीव्रता करतात, ते बरोबर आहे का?

चर्चेला तोंड फुटावं म्हणून ठीक. पण ‘शक्यता १, तीव्रता ५’ म्हणजे गुणाकार ५, आणि ‘शक्यता ५, तीव्रता १’ म्हणजेही ५. पहिला म्हणजे विषारी वायू, दुसरा म्हणजे गळका नळ. गुणाकार सारखा आला म्हणून दोन्हींना सारखीच वेळ द्यायची का? ज्याची तीव्रता ५ आहे, त्याचा गुणाकार कितीही येवो, त्याला लेखी योजना हवीच, असा नियम स्वतःपुरता करून टाका.

प्लेटिंगच्या ईटीपीत एवढं धोक्याचं काय आहे? शेवटी पाणीच तर स्वच्छ करायचंय.

हा प्रश्न मालकांकडून फार येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

क्रोमचं पाणी पिवळं असतं. त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरणारं. ते तसंच चुना टाकून खाली बसत नाही. आधी त्याचं ट्रायव्हॅलंट करावं लागतं. त्यासाठी ॲसिड घालून पीएच दोन-तीनच्या दरम्यान आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट घालायचं. पिवळ्याचा हिरवा झाला की मग चुना किंवा कॉस्टिकने पीएच आठ-नऊपर्यंत चढवायचा, म्हणजे हायड्रॉक्साइडचा गाळ खाली बसतो.

सायनाइडचं पाणी नेमकं उलट. त्याला पीएच दहाच्या वर ठेवायचा आणि मग सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं हायपो, घालायचं.

आता ॲसिड, मेटाबायसल्फाइट आणि हायपो असे तीन कार्बॉय एकाच खोलीत शेजारी शेजारी उभे असतात, हे डोळ्यांसमोर आणा. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू. हायपोमध्ये ॲसिड पडलं की क्लोरीन. मेटाबायसल्फाइटमध्ये ॲसिड पडलं की सल्फर डायऑक्साइड. ईटीपी हे कारखान्यातलं ‘स्वच्छतेचं’ खातं समजलं जातं, आणि चुकीच्या हाताने तीन वेगवेगळे विषारी वायू तयार होऊ शकतील अशी बहुधा तीच एक जागा असते. तिथे काम करतो तो बहुतेक वेळा सगळ्यात कमी पगाराचा कंत्राटी कामगार.

म्हणून क्रोम आणि सायनाइडचे प्रवाह गटारापासूनच वेगळे हवेत; शेवटच्या टाकीत नव्हे. पाइपला वेगळे रंग द्या. ॲसिडची आणि हायपोची साठवण वेगळ्या बंडमध्ये, म्हणजे गळती अडवणाऱ्या कट्ट्याच्या आत, ठेवा, मध्ये भिंत असू द्या. फरशीवरची गळतीदेखील एकमेकींना भेटता कामा नये. दोन टाक्या वेगळ्या आणि खालचं गटार एकच, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. बंडमध्ये त्यातल्या सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के तरी द्रव मावला पाहिजे, आणि बंडच्या ड्रेनचा वाल्व कायम बंद. पावसाचं पाणी साचलं तर आधी पीएच पट्टी बुडवायची, मगच ते कुठे सोडायचं ठरवायचं.

अजून एक बारीक गोष्ट. हायपो उन्हात आणि उकाड्यात ताकद गमावतं. मे महिन्यात पत्र्याखाली उभ्या असलेल्या ड्रममधून ऑपरेटर ‘नेहमीएवढं’ घालतो, पण ते नेहमीएवढं नसतंच. महिनोन्‌महिने पास होणारा सायनाइडचा रिपोर्ट उन्हाळ्यात अचानक नापास झाला, तर आधी ड्रम कुठे ठेवलाय ते बघा.

जमत असेल तर सायनाइड काढूनच टाका. झिंक प्लेटिंगसाठी सायनाइडविना चालणारे अल्कलाइन आणि ॲसिड बाथ केव्हापासून आहेत. पॅसिव्हेशनसाठी, म्हणजे झिंकवर गंजरोधक थर द्यायला, ट्रायव्हॅलंट क्रोमची रसायनंही सहज मिळतात. घरात साप पाळायचाच नाही ठरलं की काठी कुठे ठेवायची हा प्रश्न उरत नाही.

ईटीपीचा माणूस एकच आहे. तो गावी गेला की?

मग तुमच्याकडे ईटीपी नाही. गणपतीत, दिवाळीत, शेतीच्या हंगामात हे ठरलेलंच असतं, तरी दरवर्षी ते अचानक घडल्यासारखं वागलं जातं. दुसरा माणूस तयार करा आणि महिन्यातला एक आठवडा त्याच्याकडेच काम द्या. कृतीचा तक्ता मराठीत आणि हिंदीत, चित्रांसह, टाकीशेजारी लावा. इंग्रजी एसओपी कपाटात असू द्या, ऑडिटला लागते.

आमच्याकडे एवढे केमिकल नाहीत. ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन आम्हाला लागू आहे का?

१९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत प्रत्येक रसायनासाठी साठ्याची मर्यादा दिलेली आहे. क्लोरीनला १० टन, अमोनियाला ६० टन, असं. इंजिनिअरिंग कारखाना सहसा या मर्यादांच्या खाली राहतो, आणि तिथेच लोक ‘आपल्याला लागू नाही’ म्हणून फाइल मिटतात. पण भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात ‘घातक प्रक्रियां’चं अख्खं प्रकरण घातलं गेलं आणि त्या प्रक्रियांच्या यादीत इलेक्ट्रोप्लेटिंगचं नाव स्पष्ट होतं. त्या प्रकरणानुसार भोगवटादाराने, म्हणजे कारखाना चालवणाऱ्याने, आपत्ती नियोजन करायचं, आणि ते कामगारांना व आसपासच्या लोकांना माहीत करून द्यायचं, असं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेने त्या कायद्याची जागा घेतली, पण तिच्यातही घातक प्रक्रियांची यादी आहेच. तेव्हा प्लेटिंग असेल तर पळवाट शोधण्यात वेळ घालवू नका.

ऑनसाइट प्लॅन कारखान्याने करायचा, कंपाउंडच्या आतला. कंपाउंडबाहेरचा, म्हणजे ऑफसाइट, जिल्हा प्रशासनाचा. दोन्हींमध्ये फोन नंबर सारखे आहेत का, हे एकदा ताडून बघा. गंमत नाही, बदलून गेलेल्या अधिकाऱ्यांचे नंबर वर्षानुवर्षं छापले जातात.

मॉक ड्रिल वर्षातून एकदा केलं तर चालतं का?

१९८९ च्या नियमांखाली येणाऱ्या कारखान्याला दर सहा महिन्यांनी करावं लागतं. बाकीच्यांनीही तोच हिशेब ठेवावा.

पण किती वेळा यापेक्षा कधी, हे जास्त महत्त्वाचं. दुपारी साडेतीनला, आधी नोटीस लावून, एचआरच्या फोटोग्राफरसमोर केलेल्या ड्रिलमध्ये सगळे साडेतीन मिनिटांत असेम्ब्ली पॉइंटला पोचतात. तेच ड्रिल एका कारखान्यात तिसऱ्या शिफ्टला, न सांगता, पहिल्यांदा झालं तेव्हा प्रेस शॉपमध्ये सायरन ऐकूच गेला नाही. प्रेसचा आवाज आणि वरून कानात इअरप्लग. लोक काम करत राहिले. मागचं गेट कुलूपबंद, किल्ली दिवसपाळीच्या सिक्युरिटीकडे. हजेरीत २३ नावं आणि असेम्ब्ली पॉइंटवर २६ डोकी, कारण ट्रान्सपोर्टचा ड्रायव्हर, क्लीनर आणि त्यांच्यासोबत आलेला एक पाहुणा कुठल्याच यादीत नव्हते. एका रात्रीत हे कळलं. त्याआधीच्या सहा ड्रिल रिपोर्टांत यातलं एक अक्षर नव्हतं.

वायुगळतीच्या ड्रिलमध्ये वाऱ्याची दिशा बघूनच पळायला शिकवा. वाऱ्याची दिशा दाखवणारा विंड सॉक छतावर आहे, पण तो जमिनीवर उभ्या माणसाला दिसतो का? वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघायचं, मग वाऱ्याच्या उगमाकडे वळायचं. म्हणजेच असेम्ब्ली पॉइंट एकच असून भागत नाही. दोन हवेत, कारखान्याच्या दोन अंगांना.

आग लागली तर पर्यावरणाचा काय संबंध? आग विझवायची, बस.

१ नोव्हेंबर १९८६. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ श्वाइत्सरहाले इथे सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत कीटकनाशकं आणि इतर रसायनं होती. अग्निशमन दलाने आग विझवली; पण विझवताना वापरलेलं पाणी ती सगळी रसायनं घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं. नदी लाल झाली आणि शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. आगीने जेवढं केलं नसतं तेवढं तिच्यावर मारलेल्या पाण्याने केलं. युरोपातल्या कारखान्यांनी ‘फायर वॉटर’ कुठे अडवायचं हा विषय गांभीर्याने घेतला तो तिथपासून.

आपला हिशेब करून बघा. मिनिटाला ६०० लिटर सोडणारे दोन होज अर्धा तास चालले तर ३६,००० लिटर. बंब आले की याच्या कितीतरी पट. प्लेटिंग शॉपमध्ये आग लागली, आणि ती लागते, कारण टाक्या प्लास्टिकच्या आणि त्यांत विजेचे हीटर, तर हे पाणी क्रोम, निकेल, ॲसिड घेऊन कुठे जाईल? गटारांचा नकाशा काढा. पावसाळी गटाराचा वाल्व बंद केला तर ते पाणी कंपाउंडमध्ये कुठे तुंबेल? पार्किंगच्या सखल भागात घोटाभर तुंबलं तर तुंबू दे. तिथून ते पंपाने उपसता येतं. नाल्यात गेलेलं उपसता येत नाही.

आग लागल्यावर वाल्व कोण बंद करणार, त्याचं पद प्लॅनमध्ये लिहा, आणि प्रत्येक शिफ्टला त्या पदावर कोण आहे तेही. ‘संबंधित व्यक्ती’ असं लिहू नका. त्या नावाचा माणूस हजेरीपटावर सापडत नाही.

आमचा कारखाना नदीपासून लांब आहे. पुराचं नियोजन कशाला?

२२ जुलै २०२१ ला सावित्रीच्या पुराने महाड आणि वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीचा पूर आला तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. त्यातल्या पुष्कळ कारखान्यांत पाणी शिरलं नाही. पण हायपोचा टँकर येईना, ईटीपीचा स्लज (गाळ) नेणारी गाडी येईना, डिझेल संपत आलं, पहिल्या शिफ्टची माणसं घरी जाऊ शकेनात आणि दुसऱ्या शिफ्टची येऊ शकेनात. नदी लांब असली तरी रस्ता जवळच असतो.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एवढं करा. स्लजच्या शेडचा पत्रा, ओटा आणि भोवतालचा कट्टा तपासा. ओट्याची उंची बाहेरच्या रस्त्यापेक्षा जास्त हवी. रिकामे ड्रम आडवे पडलेले असतील तर बांधून ठेवा, कारण पुरात पहिल्यांदा तेच तरंगतात आणि तुमच्या कंपनीचं लेबल मिरवत तीन गावांपलीकडे जाऊन लागतात. ईटीपीची कलेक्शन टाकी जूनमध्ये अर्ध्याच्या वर भरू द्यायची नाही. आठवड्याचा केमिकल साठा आणि चार दिवसांचं डिझेल आत ठेवा, पण उंचावर. आणि लाइन केव्हा बंद करायची याचा निकष आधीच ठरवा, जसं की ‘कलेक्शन टाकी ८० टक्के आणि वीज नाही’. त्या क्षणी तो निर्णय शिफ्ट इनचार्जचा असेल, मालकाला फोन लागो वा न लागो. हे मालकाच्या सहीने लेखी द्या. नाहीतर डिस्पॅच अडेल या भीतीने कुणीही लाइन थांबवत नाही.

प्लांट बंद असताना तरी जोखीम कमी असते ना?

विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्समध्ये ७ मे २०२० च्या पहाटे स्टायरीनची वाफ बाहेर पडली आणि १२ माणसं गेली. लॉकडाउनमध्ये प्लांट बंद होता. टाकीत स्टायरीन तसंच राहिलं, तापलं आणि स्वतःशीच अभिक्रिया करत सुटलं. भोपाळच्या कारखान्यातही २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री एमआयसीचं, म्हणजे मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाचं, उत्पादन चालू नव्हतं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद केलेली होती आणि वायू जाळून टाकणारा फ्लेअर दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला होता.

आपल्याकडे स्टायरीन नाही. पण दिवाळीच्या आठ दिवसांच्या सुट्टीत टाक्या भरलेल्याच असतात, वाफा धुऊन काढणारा स्क्रबर बंद असतो आणि गेटवर दोन सिक्युरिटी गार्ड. त्या दोघांना ईटीपीच्या टाकीची पातळी बघता येते का? नसेल तर सुट्टीआधी अर्धा तास काढून शिकवा.

घातक कचऱ्याचं नेमकं काय करावं लागतं?

ईटीपीचा स्लज (वर्ग ३५.३), वापरलेलं तेल (५.१) आणि रसायनांचे रिकामे ड्रम (३३.१) ही प्लेटिंग कारखान्याची नेहमीची तीन अपत्यं. २०१६ च्या नियमांनुसार ९० दिवसांच्या आत अधिकृत सुविधेकडे पाठवायचं. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी, महापे इथे अशा सुविधा आहेत. प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे त्या कचऱ्याचा वाहतूक-कागद, जातं. त्याची पोच-प्रत परत येईपर्यंत काम संपलेलं नसतं.

खरी गडबड ड्रमांत होते. भंगारवाला रोख पैसे देतो, स्टोअरवाला देऊन टाकतो. तो ड्रम पुढे कुणाच्या तरी घरी पाणी साठवायला जातो. न धुतलेला क्रोमिक ॲसिडचा ड्रम, आणि त्यात पिण्याचं पाणी. ड्रम तीनदा धुवा, धुतलेलं पाणी ईटीपीला घ्या, ड्रमला भोक पाडा आणि परवाना असलेल्या पुनर्वापरकर्त्यालाच द्या. भोक पाडल्यावर भाव कमी येतो म्हणून स्टोअरवाला कुरकुर करेल. करू द्या.

लक्षात ठेवायच्या तारखा कोणत्या?

घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, फॉर्म ४: ३० जून. पर्यावरण विवरण, फॉर्म ५: ३० सप्टेंबर. कन्सेंटची मुदत तुमच्या कागदावर आहे. नूतनीकरण लागत असेल तर त्याचा अर्ज चार महिने आधी टाकायचा असं धरून चाला. उत्पादन किंवा पाण्याचं प्रमाण वाढवणार असाल तर मशिन आणण्याआधी अर्ज, नंतर नव्हे.

डीजी सेटची चिमणी किती उंच हवी?

इमारतीची उंची मीटरमध्ये, अधिक केव्हीएच्या वर्गमूळाच्या ०.२ पट. ५०० केव्हीएला छपराच्या वर साधारण साडेचार मीटर.

पकडले गेलो तर दंड किती?

प्रश्न विचारायची पद्धत आवडली नाही, पण आकडा द्यायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूत्रात पर्यावरणीय भरपाई अशी काढतात: प्रदूषण निर्देशांक, गुणिले उल्लंघनाचे दिवस, गुणिले रुपयांचा गुणक, गुणिले उद्योगाचा आकार, गुणिले जवळच्या शहराचा गुणक. रेड, म्हणजे सगळ्यात प्रदूषणकारी, वर्गातला लघुउद्योग, लहान गावाजवळ, गुणक २५० धरला तर ८० × १ × २५० × ०.५ × १, म्हणजे दिवसाला १०,००० रुपये. मध्यम उद्योग असेल तर २०,०००. शहर मोठं असेल तर आणखी. यात ‘दिवस’ हा आकडा बघा: उल्लंघन सापडलं त्या दिवसापासून ते दुरुस्त झाल्याची खात्री होईपर्यंत मीटर चालू राहतो. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड वेगळा. १ एप्रिल २०२४ पासून तो १० हजार ते १५ लाख रुपये आहे. आणि वीज-पाणी तोडण्याचा आदेश आला तर हे सगळे आकडे किरकोळ वाटतात.

मालक म्हणतात, या सगळ्यात पैसा नुसता जातो. काय उत्तर द्यायचं?

धुण्याच्या टाक्या दाखवा. प्लेटिंगनंतर जॉब (मुलामा दिलेला भाग) धुवायला एकच वाहती टाकी असेल, आणि जॉबबरोबर आलेलं एक लिटर द्रावण हजारपट पातळ करायचं असेल, तर ढोबळ हिशेबाने हजार लिटर पाणी लागतं. त्याच टाकीच्या दोन करून पाणी उलट दिशेने फिरवलं, म्हणजे स्वच्छ पाणी शेवटच्या टाकीत घालून तिथून पहिल्या टाकीत आणलं, तर साधारण बत्तीस लिटर. तीन टाक्या केल्या तर दहा. प्रत्यक्षात एवढं सुंदर जमत नाही, पण निम्म्याहून कमी पाण्यात काम होतंच. रॅक उचलल्यावर बाथवर दहा-पंधरा सेकंद निथळत धरला तर महागडं केमिकल परत बाथमध्येच पडतं. एमआयडीसीचं पाणीबिल कमी, केमिकल कमी, ईटीपीला येणारं पाणी कमी, स्लज कमी, आणि वीज गेल्यावर कलेक्शन टाकी भरायला लागणारा वेळ कितीतरी जास्त. जोखीम नियोजनाचा हा भाग मालकांना लगेच पटतो.

आयएसओ १४००१ घ्यावं का?

गिऱ्हाईक मागत असेल तर घ्यावंच लागेल. नसेल मागत, तर आधी गटारांचा नकाशा, वाल्व आणि दुसरा ईटीपी ऑपरेटर, मग सर्टिफिकेट. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर हवामान बदल आपल्या कारखान्याला लागू होतो का हे त्यात तपासावं लागतं. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलाय त्यांना यासाठी कन्सल्टंट लागू नये.

गळती झाली तर बोर्डाला कळवायचं, की आधी आपल्या आपण निस्तरायचं?

दोन्ही, एकाच वेळी. गळती थांबवणं शिफ्टचं काम, फोन करणं गेटवरच्या माणसाचं. कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. १९८९ च्या नियमांखालच्या मोठ्या अपघाताची लेखी सूचना तर ४८ तासांत द्यायची असते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, नाल्याच्या खालच्या अंगाला कुणीतरी म्हशी पाण्यात सोडतो, कुणाची विहीर असते. सरपंच आणि शेजारच्या दोन कारखान्यांचे नंबर यादीत सगळ्यात वर ठेवा. भोपाळच्या रात्री लोकांना तोंडावर ओलं फडकं धरा, एवढं साधं सांगणारंही कुणी नव्हतं.

तुमच्या औद्योगिक क्षेत्रात ‘मार्ग’ असेल, म्हणजे कारखान्यांनी एकमेकांच्या मदतीसाठी केलेला गट, तर सभासद व्हा. त्यांच्याकडचे श्वसनसंच तुमच्याकडे नसतात.

पावसाळी गटाराच्या वाल्वची किल्ली कुणाकडे ठेवायची?

कुणाकडेच नाही. वाल्वलाच, साखळीने बांधून. कुणी चोरून नेईल ही भीती वाटत असेल तर दोन करून घ्या आणि दुसरी सिक्युरिटी केबिनमध्ये, काचेच्या पेटीत टांगा. महिन्यातून एकदा वाल्व पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर गंजून बसतो. आणि तो फिरवून बघायचं काम तिसऱ्या शिफ्टकडे द्या.